टोपी डोक्यावर हाय तवर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या शाळेच्या क्रीडाखोलीत जोडी हरवलेले मोजे जसे साठत जातात, तसे ते साठतात. एक दिवस कपाट उघडावं आणि सगळे अंगावर पडावेत! मी आष्टीतल्या एका शाळेत खेळ शिकवते. मुलींची फुटबॉल टीम माझ्याकडे आहे. तुम्ही गोल किती मारले ते विचाराल, तर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. पण डोक्यांबद्दल विचारलंत, तर बसा निवांत.

*

सुरुवात एका धडकेनं झाली. प्रॅक्टिसला कॉर्नरवरून बॉल आला. आमची स्ट्रायकर तेजू उडाली, गोलकीपर अर्शियाही उडाली, आणि दोघींची डोकी हवेतच भेटली. अर्शियाला टेंगूळ आलं. तेजूच्या भुवईवर तीन टाके पडले.

टाके पडताना रडत होती ती अर्शिया. तेजू एकच विचारत होती, "मॅडम, गोल झाला का?"

डॉक्टर म्हणाले, "हलू नको."

ती म्हणाली, "आधी सांगा!"

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. ग्रामपंचायतीत सदस्य आहेत, कांद्याची शेती आहे, बोलतात कमी आणि बोलले की ते शेवटचं असतं. "मॅडम, पोरीचं डोकं हाय ते, नारळ न्हाई. खेळ बंद."

खरं सांगायचं तर त्या टाक्यांचं मला फार लागलं होतं. तेजू दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. तिच्यासारखं हेडिंग करणारी मुलगी मला पंधरा वर्षांत मिळाली नव्हती आणि तिला तर खेळाशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

मी मोबाइलवर एक फोटो काढून दाखवला. कपाळाभोवती आणि डोक्याच्या मागून बसणारी, आत फोम असलेली मऊ टोपी. बाहेरच्या देशांत मुलं ती घालून फुटबॉल खेळतात. तात्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून करून पाहिला.

"ही टोपी डोक्यावर हाय तवर पोरगी मैदानात. टोपी उतरली की खेळ बंद. मंग मला पुन्ना इचारायचं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि गेले. उघड्या डोक्यानं! त्यांचं हेल्मेट घरी खुंटीला असतं आणि त्यात तेजूची आई लसूण ठेवते, हे मला नंतर तेजूनंच सांगितलं.

*

ऑनलाइन मागवलेली टोपी मोठ्या माणसाची निघाली. तेजूनं घातली की ती थेट गळ्यात यायची. म्हणून आम्ही दोघी नासीरचाचांकडे गेलो. बसस्टँडच्या मागं त्यांचं दुकान आहे. तीस वर्षं मोटारसायकलची सीटं शिवतात.

चाचांनी मान वर न करता विचारलं, "बोला मॅडम, गाडी कोणती?"

"गाडी नाही चाचा, मुलगी आहे."

चाचांनी चष्मा लावला. फोटो पाहिला. तेजूच्या डोक्याभोवती टेप धरला आणि भिंतीवर जिथं सगळ्या गाड्यांची मापं लिहिलेली असतात, तिथंच खडूनं लिहिलं, "तेजू, साडेएकवीस."

पहिली टोपी चार दिवसांत आली. भरपूर फोम, वर रेक्झिन, कान पूर्ण बंद. त्या संध्याकाळी प्रॅक्टिस मॅचला मी ऑफसाइडची शिट्टी मारली. सगळ्या थांबल्या. तेजू एकटीच बॉल घेऊन पुढं गेली, गोल मारला, दोन्ही हात वर करून मैदानाला एक चक्कर मारली, आणि मग तिच्या लक्षात आलं की टाळ्या कुणीच वाजवत नाहीये.

मी टोपी परत घेऊन गेले. "चाचा, हिला शिट्टीच ऐकू येत नाही!"

चाचांचा चेहरा खुलला. "म्हंजी फिटिंग बरोबर बसली!"

*

दुसरी टोपी छान झाली. कान मोकळे, आतून सुती कापड, फोम बेताचा. पण कोरा माल दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा चाचांचा नियम. टोपीला पिवळी पायपिंग होती, आणि मागं लाल रेडियममध्ये लिहिलं होतं, "आईचा आशीर्वाद".

"चाचा, हे कावून?" तेजूनं विचारलं.

"बेटा, सीटवर नाव नसलं की गिऱ्हाईक म्हनतं काम अर्धं केलं."

अर्शिया दोन दिवस ती टोपी नुसती निरखत होती. तिसऱ्या दिवशी तशीच टोपी घालून आली. मागं "अम्मी की दुआ". मग टीममध्ये साथच आली. एका मुलीला तिच्या आत्यानं वाढवलंय. ती एकटीच चाचांकडे जाऊन कानात काहीतरी सांगून आली, आणि तिच्या टोपीवर "आत्याची कृपा" आलं. आत्या त्या आठवड्यात पहिल्यांदा मैदानावर आली आणि शेवटपर्यंत बसली.

*

टोप्या आल्या आणि मुली बेफाम झाल्या. जो बॉल पायानं सहज घेता आला असता, तोसुद्धा डोक्यानं! एकीनं तर टोपीची परीक्षा म्हणून गोलपोस्टला डोकं आपटून पाहिलं.

मी सगळ्यांना रांगेत बसवलं. म्हटलं, टोपीनं खोक पडायची वाचते, टेंगूळ कमी येतं. पण जोरात धडक बसली तर आतला मेंदू हलतोच, त्याला टोपी काही करू शकत नाही. हे नीट पटावं म्हणून पोषण आहाराच्या खोलीतून एक अंडं मागून आणलं. स्टीलच्या डब्यात घातलं, डब्याला बाहेरून चाचांचा फोम गुंडाळला आणि जीव खाऊन डबा हलवला.

"बघा हं आता," असं म्हणत झाकण उघडलं. अंडं आत मजेत!

मी पुन्हा हलवलं. अंड्याला फक्त एक बारीक चीर गेली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. पोषण आहाराचं अंडं म्हणजे उकडलेलं असणार!

मुली हसून लोळल्या. तेजू अंडं सोलत म्हणाली, "मॅडम, एवढ्या उन्हात आमचीबी डोकी उकडलेलीच हायत!"

*

अंड्याचा प्रयोग फसला, म्हणून मी नियम केला. डोक्याला लागलं की तीन प्रश्न. मैदान कोणतं, स्कोअर किती, आज वार कोणता? एक जरी चुकलं, तरी बाहेर.

आठवड्याभरात मुलींनी पाढे म्हणावेत तशी उत्तरं पाठ केली. मॅचला निघण्याआधीच वार आणि मैदान घोकून तयार! एकदा अर्शियाच्या डोक्याला बॉल लागला. मी धावत गेले.

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"चूक! चल बाहेर."

"शुक्रवारच हाय, मॅडम!"

बाकावरच्या सगळ्या ओरडल्या, "शुक्रवार! शुक्रवार!" मला वाटलं, टीम एकमेकींना सांभाळून घेतेय. मी सगळ्यांना झापलं. शेवटी मोबाइल काढला, तर शुक्रवारच होता.

अर्शियानं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. "मॅडम, तुमी जरा सावलीत बसा."

*

मग बीडला जिल्ह्याच्या मॅचेस आल्या. दोन जीप करून निघालो. तात्या पहिल्यांदाच पोरीचा खेळ बघायला आले होते, सोबत तेजूची आई. नासीरचाचाही आले. म्हणाले, "माल चालताना बघायचा हाय."

वाटेत लिंबागणेशला दर्शनाला थांबलो. तेजूच्या आईनं अर्शियाची सोडून बाकीच्या टोप्या गणपतीपुढं ओळीनं मांडल्या. अर्शियानं आपली टोपीही पुढं सरकवली. "माझी कावून सोडता, काकी?" टोप्यांना कुंकू लागलं. बाहेरून लावलं तर रेफ्री बोलतील, म्हणून काकींनी हुशारीनं आतून लावलं. ओल्या बोटानं, सढळ हातानं.

मॅच भर दुपारी. वीस मिनिटांत मुली घामानं निथळल्या, आणि एकेकीच्या कपाळावरून लाल ओघळ नाकापर्यंत उतरायला लागले. एकीच्या नाही, सहा-सात जणींच्या!

रेफ्रीनं शिट्टी मारली. प्रथमोपचाराची पेटी धावली. तात्या चपला हातात घेऊन थेट मैदानात. रेफ्रीनं तेजूच्या कपाळाला बोट लावलं, बोट बघितलं, नाकाशी नेलं. "हे कुंकू आहे का?"

बाहेरून तेजूची आई ओरडली, "लिंबागणेशचं हाय!"

रेफ्रीचं ते लाल बोट आपोआप स्वतःच्या कपाळाला टेकलं. मुलींनी तोंडं धुतली, मॅच पुन्हा सुरू झाली. पण रेफ्रीनं काही कपाळ पुसलं नाही. समोरच्या टीमच्या सरांनी हाफटाइमला तक्रार केली, "रेफ्रीबी आष्टीचाच दिसतोय!"

*

त्याच मॅचचा दुसरा हाफ. आम्ही एका गोलनं मागं होतो. शेवटची काही मिनिटं उरली होती. उंच बॉल आला, तेजू उडाली, समोरची डिफेंडरही उडाली. जो आवाज झाला तो मला अजिबात आवडला नाही.

तेजू आपली आपण उठली. टोपी जागेवर होती, रक्त कुठंच नव्हतं. मी तिन्ही प्रश्न विचारले. तिन्ही उत्तरं बरोबर. मी "खेळ" म्हणणारच होते.

"मॅडम, गोल झाला का?"

"नाही."

ती बुटाची नाडी बांधायला वाकली. उठली. "मॅडम, गोल झाला का?"

हेच तिनं आत्ताच विचारलं होतं. मी बदली खेळाडूला हात केला.

"ओ मॅडम!" तात्या रेषेवरून ओरडले. ज्यांनी खेळ बंद करायला सांगितला होता, तेच तात्या! "समदी उत्तरं बरोबर दिली की! आन टोपी हाय डोक्यावर! पाच मिन्टांचा खेळ राहिलाय, खेळू द्या!"

त्यांना उत्तर मी दिलं नाही. नासीरचाचांनी दिलं, अगदी हळू आवाजात. "तात्या, तुमच्या गाडीची सीट मीच शिवली. लई चांगली शिवली. गेल्या साली तिच्यावरून तुमी पडलेच ना?"

तात्या रेषेच्या मागं सरकले. आम्ही मॅच हरलो.

तेजू माझ्याशेजारी बसून रडत होती. म्हटलं, टोपी काढ, जरा वारं लागू दे. तिनं दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली. "तात्या म्हनले होते. उतरली की खेळ बंद."

तिला तिथूनच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन आठवडे खेळापासून पूर्ण विश्रांती सांगितली. तपासण्यापुरती टोपी वर सरकवायला तिनं तात्यांची परवानगी मागितली. तात्यांनी खिडकीबाहेर बघत नुसती मान हलवली.

*

ते दोन आठवडे तेजू टोपी घालून वर्गात बसली. गणिताच्या सरांनी काढायला सांगितलं, तर म्हणाली, "सर, काढली तर माझं फुटबॉल जाईल." चुलत बहिणीच्या लग्नातही परकर-पोलक्यावर टोपी. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मागून "आईचा आशीर्वाद" चमकतोय!

डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. पण तात्या देणार का, हे मला माहीत नव्हतं. मॅचनंतर ते माझ्याशी बोललेच नव्हते. पंधराव्या दिवशी मी चार वाजल्यापासून गेटकडे बघत होते. अर्शिया तर गोल सोडून गेटपाशीच उभी होती.

साडेचारला तात्यांची मोटारसायकल आली. मागून तेजू उतरली, टोपी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता सरळ मैदानात पळाली.

तात्या कडुलिंबाखालच्या दगडावर बसले. डोक्यावर हेल्मेट, काच खाली. मला वाटलं, काढतील थोड्या वेळानं. वॉर्मअप झाला, पासिंग झालं, हेडिंग सुरू झालं. तात्या तसेच. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. शेवटी मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"तात्या, गाडी केव्हाच बंद झाली. काढा की आता हेल्मेट."

तात्यांनी काच वर केली. आतून लसणाचा वास आला. हेल्मेट तसंच ठेवून, मान मागं करून त्यांनी वरून पाणी प्यायलं आणि तांब्या मला परत दिला.

"न्हाई काढता येत, मॅडम," ते म्हणाले. "पोरीनं सांगितलंय, हे उतरलं की तिचा खेळ बंद."