हिरव्या पाण्यावरचे विद्वान

लोककथा घडायला पिढ्या जाव्या लागतात, असे मी लोकसाहित्याच्या वर्गात शिकवत आलो. मग वेल्हे तालुक्यात एका संशोधन पथकाबरोबर धरणकाठी हिंडलो आणि तो सिद्धान्त मागे घेतला. विद्वान पुरेसे असतील तर तीन भेटींत भागते!

प्रकल्प मुळात समुद्राचा. किनाऱ्याच्या पाण्यात सूक्ष्म शेवाळाला कोणत्या ऋतूत बहर येतो आणि तो ओसरल्यावर सेंद्रिय कण किती वाढतात, हे शोधायचे होते. परंतु पथकप्रमुखांना होडीत मळमळू लागले, आणि 'तुलनेसाठी गोडे पाणी अपरिहार्य' असल्याचा साक्षात्कार त्यांना किनारा गाठण्याआधीच झाला. 'लोकसहभाग' म्हणून मला सोबत घेऊन पथक घाट चढून मार्गासनीच्या पुढच्या एका गावात आले.

*

गावाचा प्रश्न साधा होता. नळाला धरणाचेच पाणी. पाऊस सरला की ते हिरवे होते आणि मुलांची पोटे बिघडतात. सरपंच सखुआक्का म्हणाल्या, "सायेब, हिरवं झाल्यावर पानी प्यावं का न्हाई, येवढंच सांगा."

प्रमुखांनी पडद्यावर समुद्राच्या पाण्याचे आलेखांमागून आलेख दाखवले.

"लई झ्याक. पर प्यावं का न्हाई?"

"निष्कर्ष प्राथमिक आहेत!"

*

पहिल्या नमुन्याआधी प्रमुखांना जलपूजनाचा मोह आवरला नाही. हळदकुंकू, फुले, नारळ सारे पाण्यात सोडले, फोटो काढले आणि त्याच पायरीवरून बाटली भरली. अहवालात 'आजवर न नोंदलेले पिवळे सेंद्रिय कण' झळकले. ती हळद असावी, असे मी नम्रपणे सुचवले.

"तुम्हा लोकसाहित्यवाल्यांना सगळीकडे हळदकुंकूच दिसतं!"

*

बहर ऐन दिवाळीत आला. पथक सुट्टीवर! परतले तेव्हा पाणी नितळ झाले होते. प्रमुख शेवाळावरच रागावले, "यंदा बहर वेळापत्रकाप्रमाणे आला नाही!" आणि नितळ पाण्याचेच नमुने भरून घेतले.

*

पुढच्या वर्षी पाणी पुन्हा हिरवे झाले असताना गावसभेत प्रमुखांनी निकाल जाहीर केला, "पाणी बाराही महिने पिण्यास योग्य आहे."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आक्का उठल्या आणि बाहेरच्या नळावर काचेचा पेला भरून घेऊन आल्या.

"घ्या सायेब. तुमी प्यालासा की पोरांनाबी बिनघोर पाजू."

प्रमुखांनी त्या हिरव्या पेल्याकडे पाहिले. "आज माझा निर्जळी उपवास आहे."

"व्हय? कंच्या देवाचा?"

आता देव सुचवा, अशा नजरेने प्रमुख माझ्याकडे पाहू लागले!