बोल्टावरची कणीक

चाचांचं आधी सांगते, झालं काय ते मग.

शनिवार पेठेतल्या आमच्या दुकानात नावाच्या पाट्या कोरतात. चाचा तिथले सगळ्यात जुने कारागीर. मशीन आलं नव्हतं तेव्हा ते हातानं कोरायचे. पाट्या, ट्रॉफ्या, लग्नात द्यायच्या भांड्यांवरची नावं. पेठेतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत आपलं अक्षर आहे, असं ते सांगतात. विचारलं नाही तरी सांगतात. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे कोरणं बंद, पण दुकानात रोज येतात. मी आज पुण्यात टिकून आहे ती त्यांच्यामुळे.

मी गोंदियाकडची. नववीनंतर शाळा सुटली. पुण्यात हडपसरला खोली घेऊन राहणाऱ्या गावातल्या दोघींच्या भरवशावर आले. दुकानात आधी पाट्या पुसायला होते, मग मशीनवर प्लॅस्टिकच्या पाट्या करायला लागले. पितळेला हात लावायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाले, "पितळ जमलं तर कायम करू. नाही जमलं तर बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला कळत होता. गावी परत जायचं तर तिथे माझ्यासाठी काही ठेवलेलं नव्हतं.

पहिलं पितळ आलं ते एका आजींचं. कर्वेनगरहून रिक्षानं आल्या, दाराची पाटी टॉवेलात गुंडाळून. पाटीवर त्यांच्या यजमानांचं नाव. त्याखाली त्यांना स्वतःचं नाव कोरून हवं होतं.

"हे गेले तेव्हा मुलगा म्हणाला, पाटी बदलू," आजी म्हणाल्या. "म्हटलं, बदलायची कशाला? खाली जागा आहे की."

अशी पाटी दुसरी मिळत नाही. बिघडली तर बिघडली.

प्लॅस्टिकची पाटी आम्ही दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं मशीनवर बसवतो, वर काहीच आडवं येत नाही. एक अक्षर झालं की कोरायचं टोक, म्हणजे टूल, उचललं जातं आणि हवेतून पुढच्या अक्षरावर जातं. किती उचलायचं तो आकडा आपण द्यायचा. त्याला सेफ हाइट म्हणतात. टेपवर तो थोडका चालतो. आजींची पाटी मात्र वाकलेली होती, टेप धरेना. खाली फळी घेतली, चारही कोपरे क्लॅम्पनं, म्हणजे बोल्टानं कसायच्या लोखंडी पकडींनी, आवळले. नेहमीचे बोल्ट पुरेनात म्हणून लांब घातले. मग पट्टीनं क्लॅम्प पाटीच्या वर किती येतो ते मोजलं, त्यात थोडं वाढवलं, आकडा घातला. पुन्हा मोजलं.

मालक मागे उभे. "अहो, पाटी कोरायची आहे, पाटीचं लग्न नाही लावायचं. मुहूर्त कसला बघताय?"

मी बटणाकडे हात नेला.

"कणीक लावली?" कोपऱ्यातून चाचा.

त्यांची ही जुनी रीत. चाची रोज सकाळी डबीत कणकेचा गोळा देतात. क्लॅम्पच्या सगळ्यात उंच टोकावर बोटभर कणीक उभी करायची, टूलही बोटभर वर घ्यायचं, आणि टूल फिरतं न ठेवता सगळं काम एकदा हवेत चालवायचं. हवेत कणकेला लागलं, तर खरोखर लोखंडाला लागणार.

"चाचा, मी बराबर मोजलं न," मी हळूच म्हटलं. मालकांसमोर कणीक काढायची लाज वाटत होती.

"मोजलं असशील बेटा. मला दिसत नाही म्हणून विचारतो."

ते उठून आले. आंधळ्या अंदाजानं क्लॅम्पवरून बोट फिरवत गेले आणि बोट बोल्टाच्या टोकाशी थांबलं. तिथे कणीक दाबली. चारही ठिकाणी. आजी खुर्चीतून बघत होत्या. "पुरी करताय का काय?"

"नाही ताई. दृष्ट काढतोय."

टूल हवेत आजींचं नाव लिहीत गेलं. एकेक अक्षर, कशालाही न लागता. मला वाटलं, झालं. शेवटचं अक्षर संपवून ते आपल्या मूळ जागी परत निघालं, डाव्या कोपऱ्यावरून, आणि कणकेतून आरपार गेलं. गोळ्याला चर पडला.

मी क्लॅम्प मोजला होता. नटातून वर आलेला लांब बोल्ट मोजलाच नव्हता. टेपवर काम करणाऱ्याला बोल्ट दिसतच नाही. टूल तुटलं असतं, पाटी सरकली असती, आणि यजमानांच्या नावावर ओरखडा उमटला असता.

मालकांनी वाकून तो चर बघितला. मग म्हणाले, "ती कणीक पोळ्यांना नका वापरू म्हणजे झालं."

बोल्टाच्या टोकापासून मोजून आकडा वाढवला. नवी कणीक लावली, पुन्हा हवेत चालवलं. गोळे जसेच्या तसे राहिले. मग खरं कोरलं.

आजींनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. "माझं फार चमकतंय."

"दारावर राहू द्या," चाचा म्हणाले. "होईल त्यांच्यासारखं."

त्या पुन्हा पाटी गुंडाळायला लागल्या, तेव्हा टॉवेलाची गाठ त्यांना बांधता येईना. मी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पितळेची कामं माझ्यापुढे ठेवली. "कणीक घरून आणा," एवढंच म्हणाले.

चाचा मात्र ऑपरेशनला तयार होत नाहीत. "डोळ्याजवळ टूल आणणार," म्हणतात, "आणि माझी सेफ हाइट कोण बघणार?" आम्ही हसतो, पण त्यांना खरंच भीती वाटते. मुलगी सासरी दूर, चाचींचे हात थरथरतात. ऑपरेशननंतर औषधाचा थेंब डोळ्यात पडायचा नाही, गालावर पडेल.

माझे हात थरथरत नाहीत. चाचा, तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी बसेन, आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तुमच्या डोळ्यांत थेंब मी घालेन.