गंज नेणारा विचारत नाही

"वास येतोय त्याला. शूट झालं की बाहेर टाकून द्या."

संस्थेच्या मॅडमनं हे मला सांगितलं. हसून, हळू आवाजात, जणू माझ्या भल्याचंच. माझ्या मायच्या मांडीवर भाताचा गंज होता, त्याच्याबद्दल. शहरातले लोक पातेलं म्हणतात, आम्ही गंज म्हणतो. त्यात भात, वर वरणाचा डबा. शूटसाठी आणा म्हटलं म्हणून मायनं पहाटे उठून शिजवलेलं.

चंद्रपूरच्या एका मोठ्या हॉटेलचा हॉल. थंडगार एसी. मागे बॅनर. बॅनरवर माझ्या मेलेल्या भावाचा फोटो आणि त्या फोटोपेक्षा मोठं अनुदान देणाऱ्या संस्थेचं चिन्ह. समोर पैसे देणारे पाहुणे. मायनं सगळं सांगून झालं होतं. मॅडम तिला म्हणाल्या, "छान बोललात. पण एकदा परत. मुलगा कसा पडला होता तिथपासून. आणि रडू आलं तर थांबवू नका."

छान बोललात.

राहुल माझा धाकटा भाऊ. बल्लारपुरात रेल्वे लाइनीकडे आमची वस्ती. गल्लीत एकाचा वाढदिवस होता. भर रस्त्यात तलवारीनं केक कापायची आता फॅशन आहे, वर पुढारी भाऊंचे बॅनर. डीजेवरून शब्दाला शब्द लागला. तलवार मिरवायला होती, चाकू खरा होता. तो आकाशच्या हातात होता. आकाश मागच्या गल्लीतला. पहिलीपासून राहुलच्या बाकावर बसलेला.

घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे चूल पेटत नाही. शेजारपाजारचे गंज भरून आणतात. भात आणि बिनफोडणीचं वरण. कडू घास म्हणतात त्याला. सुतकबितक आम्ही छप्पनला दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं. हा गंज सोडला नाही. आणि त्याचा एक कायदा आहे. कुठं लिहिलेला नाही, पण लहान पोरींनाही माहीत असतो. गंज नेणारा काही विचारत नाही. कसं झालं, कोणी केलं, कुठं लागलं, काही नाही. ताट वाढायचं, बाजूला बसायचं, समोरच्यानं घास घेईपर्यंत उठायचं नाही. बस.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, तेव्हा मायनं भिंतीकडे बघत विचारलं, "आकाशच्या घरची चूल पेटली का?"

काका उठून बाहेर गेले. आकाशला पोलिसांनी नेलं होतं. त्याची आई पुष्पाबाई दार लावून आत होती. मारणाऱ्याच्या घरी कोण गंज नेणार? तिथं तर कोणी मेलेलंच नसतं.

माय उठली. दुसऱ्यांनी आमच्यासाठी आणलेल्यातलंच तिनं एका गंजात भरलं. मी तिच्या मागे. टपरीजवळ राहुलचे दोस्त बसले होते. ते तिथं का बसले होते ते मला माहीत होतं. आकाशचा लहान भाऊ कॉलेजातून त्याच रस्त्यानं यायचा. कमरेला काय खोचलंय ते शर्टावरून दिसत होतं.

"काकू, तिकडं काऊन जाऊन राह्यली?"

"तिच्या घरी कोणी जेवलं नाई."

"तिच्या पोरानं राहुलले मारलं."

"मले सांगतं का तू?" माय थांबली. गंज खाली ठेवला नाही. "आता तुमी तिच्या दुसऱ्याले मारा. मंग मी तिच्याकडं आनखी एक गंज नेईन. मंग त्याईचे लोक तुमाले मारतीन. मंग तुह्या मायकडं नेईन. माह्या घरी तांदूळ तरी पुरन का रे एवढा?"

पोरं बाजूला झाली.

ही माफी नव्हती. हे नीट वाचा, कारण पुढं सगळ्यांनी इथंच चूक केली. मायनं आकाशला माफ केलेलं नाही. केस चालू आहे, ती कोर्टात साक्ष देणार आहे. पण तिथं दुसरा चाकू निघाला नाही. एवढंच झालं, आणि एवढं फार होतं.

तिथून आमचं काम सुरू झालं. कोणाचं पोर असं गेलं की आम्ही चारपाच बाया दोन्ही घरी गंज नेतो. मेलेल्याच्या आणि मारणाऱ्याच्या. विहारात आठवड्यातून एकदा बसतो. ज्याला बोलायचं तो बोलतो. आधी बाहेर उभी राहणारी पोरं नंतर आत येऊन बसली. पुष्पाबाईही येऊ लागल्या. मायच्या शेजारी नाही, पण त्याच सतरंजीवर. मग लांबून फोन यायला लागले. धानोऱ्याहून आला. कुरखेड्याहून एका मावशीचा आला: पुतण्याला मारलंय, घरातली पोरं पेटली आहेत, या. जायचं कसं? सगळ्या रोजमजुरीवाल्या बाया. कामावर नाही गेलं तर घरी खायचं काय?

म्हणून अनुदान. त्यासाठी ते हॉटेल, पुष्पाबाईंनाही सोबत घेऊन.

संस्थेचे मोठे सर कार्यक्रमाच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "दोन्ही मुलं तुमच्यातलीच का?"

"आमच्यातली म्हणजे, सर?"

"म्हणजे समाज वगैरे. अहवालात संदर्भ लागतो."

"दोघंही बल्लारपूरची, सर."

ते हसले. मला सगळं कळलं होतं. त्यांनाही कळलं होतं की मला कळलंय. पण कुरखेड्याची मावशी डोक्यात होती. मी गप्प बसले.

माय दुसऱ्यांदा सांगत होती. आवाज बसला होता. रडू येत नव्हतं. घरी येतं, तिथं येत नव्हतं. मग सरांनी नवी कल्पना काढली. पुष्पाबाईंनी मायच्या पायावर डोकं ठेवायचं. मायनं त्यांना उठवायचं आणि गंजातला घास भरवायचा. "समेटाचं चित्र," ते म्हणाले.

पुष्पाबाई लगेच उठल्या. हेच मला सहन झालं नाही. कोणीतरी हे फर्मावेल म्हणून जणू त्या इतके दिवस वाट बघत होत्या. गुडघे धरून वाकायला लागल्या. मायनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पुष्पा, बस," ती म्हणाली.

कॅमेरावाला ओरडला, "आजी, पाय बाहेर घ्या. फ्रेममध्ये येत नाहीत."

मी त्याच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. बंद करा म्हटलं.

सर जवळ आले. खांद्यावर हात ठेवला. "हे बघ बेटा, थोडं भावनिक झालं की देणारे देतात. तुमच्या लोकांसाठीच चाललंय ना हे? एरवी या हॉटेलात तुम्हाला कोण आत घेणार होतं?"

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. चळवळीच्या पत्रकांत मी चिक्कार शब्द लिहिले आहेत. शोषण, व्यवस्था, प्रस्थापित. तिथं एकही आठवला नाही. आठवला तो गंजाचा कायदा.

"सर, दुःखाच्या घरी आमच्यात विचारत नाई. तुमी आल्यापासून नुसतं विचारूनच राह्यले. माह्या मायले एका मानसानं नाई म्हटलं, बाई, जेवली का."

मी मायला उठवलं. पुष्पाबाईंचा हात मायनंच धरला. आम्ही निघालो तर मागून मॅडम म्हणाल्या, "पातेलं राहू दे हं, क्लोजअप बाकी आहे."

मायनं झाकण लावलं आणि गंज कमरेवर घेतला.

एसटी स्टँडच्या बाकावर आम्ही तिघींनी तो भात खाल्ला. लोक बघत होते, बघू दे. पुष्पाबाई आधी खात नव्हत्या. माय त्यांच्याकडे न बघता बाजूला बसून राहिली. त्यांनी घास घेतल्यावरच उठली.

अनुदान दुसऱ्या कोणाला मिळालं. आम्हाला कळवलं की आमचा गट अजून परिपक्व नाही.

कुरखेड्याला आम्ही गेलो, पण भाड्याचे पैसे जमवून, उशिरा. तोवर मावशीच्या घरच्या पोरांनी बदला घेतला होता. आता तिथं दोन घरच्या चुली बंद. मावशी मला काही बोलली नाही. इकडे मात्र लोक बोलले: तुझ्या ताठ्यानं एक पोर गेलं, दोन मिनिटं पाया पडल्यानं काय बिघडलं असतं?

हे मी रोज ऐकते आणि रोज तेच उत्तर देते. पोर माझ्या ताठ्यानं गेलं नाही. ज्यांच्या हातात पैसा होता, त्यांनी तो एका आईचे पाय फ्रेममध्ये आल्याशिवाय द्यायचा नाही असं ठरवलं. त्यानं गेलं. हा हिशेब मी माझ्या माथी घेणार नाही. मायच्या माथी तर नाहीच.

आणि पैसा मी मागणारच आहे. आमच्या जिल्ह्यांतून कोळसा जातो, बांबू जातो, आमची पोरं जातात. मी भीक मागत नाही.

परवा दुसऱ्या एका संस्थेचा फोन आला. बाईचा गोड आवाज. म्हणाली, आईंची स्टोरी थोडक्यात पाठवा, सोबत दोन्ही मातांचा एकत्र फोटो.

मी म्हटलं, "स्टोरी नाई पाठवत. फोटो बी नाई. तुमी या. खाली बसा. वाढलं ते खा. माय बोलली तर ऐका. नाई बोलली तर हात धुवा, वापस जा, अन पैसे पाठवा."

तिनं फोन ठेवला. पुढच्यालाही मी हेच सांगणार.