उखा मिस्तरीची लाकडी विमानं

प्रकाशा गावाला गोमाई नदी जिथं तापीला मिळते, तिथून जरा वरच्या अंगाला सुतारांची वस्ती होती. कडेचं घर उखा मिस्तरीचं. गाड्या घडवणारे सुतार त्या काठावर पुष्कळ होते, पण घडवलेली गाडी रंगवून घ्यायला लोक उखाकडेच आणत. जूवर वेल, साटीच्या फळ्यांवर मोर, चाकाच्या मधल्या तुंब्याभोवती एकसारखी पाकळी. बोलायला तो कमी. रंग वाळेपर्यंत बोलू नये, असं त्याच्या बापानं शिकवलं होतं, आणि त्याच्या घरात काही ना काही नेहमीच वाळत असे.

बेचाळीसच्या चळवळीत त्याचा एकुलता मुलगा सुकलाल रेल्वेच्या कडेच्या तारा कापताना धरला गेला. शिक्षा झाली. वर्ष उलटल्यावर त्याच तुरुंगातून सुटून आलेला एक जण ओट्यावर येऊन बसला. सुकलालच्या खोकल्यातून रक्त पडतं, असं त्यानं खाली बघत सांगितलं. पुढचा पावसाळा तो आत काढील असं वाटत नाही, हेही सांगितलं. उखाची बायको धनुबाई आतून ऐकत होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा आत गेली. त्या दिवसापासून नवराबायकोच्या मनात एकच गोष्ट राहिली: पावसाच्या आधी पोरगा घरी यायला हवा.

गावचे पाटील इंद्रसिंग यांनी वाट काढली. नंदुरबारला लढाईचं प्रदर्शन भरणार होतं. आकाशातलं विमान आपलं की जपानचं, हे लोकांना कळावं म्हणून लाकडी नमुने मांडायचे होते. बाहेरून आलेला एक देशी साहेब त्या कामावर होता. त्याला कारागीर हवा होता. काम पसंत पडलं तर साहेब सुकलालसाठी वर शब्द टाकील, तसं त्यानं कबूल केलंय, असं पाटलांनी सांगितलं. उखानं दोन्ही हात जोडले.

चित्रं आली. काळं विमान, आणि पंखांवर, कुशीला सरकारची गोल खूण: बाहेर निळं, आत पांढरं, मधोमध लाल. पण चित्रातल्या लालावर साहेबानं काट मारली होती. जपानच्या विमानावर नुसता लाल गोळा असतो. वैमानिक फसतात, म्हणून आता आपल्या खुणेत लाल कुठंच नको, असा हुकूम होता. पाटलांनी हे दोनदा समजावलं.

शिवणीचं लाकूड उखाच्या हाताला लोण्यासारखं होतं. विमानं लवकर घडली. अडलं ते खुणेशी. पंख गोलसर, बोटभर रुंद, आणि त्यावर एकसारखं वर्तुळ काही उतरेना. शिंप्याच्या दुकानात शिवणयंत्रावरची सोनेरी नक्षी तो बराच वेळ न्याहाळत उभा राहिला. ती रंगवलेली नव्हती, कागदावरून उतरवलेली होती. मग त्यानं पतंगाच्या कागदाला बाभळीच्या डिंकाचा हात दिला, तो वाळल्यावर त्यावर जवसाच्या तेलात घोटलेल्या रंगानं वर्तुळं काढली. कागद पाण्यात भिजवला की डिंक सुटे आणि रंगाची पातळ साय बोटाखाली सरके. ती पंखावर नेमकी बसवायची, फडक्यानं टिपायची, वरून रोगण द्यायचं. रोगण दिलं की पाण्याचं भय नाही. पहिली खूण पंखावर बसली, तेव्हा सुकलाल धरला गेल्यापासून प्रथमच तो थोडासा हसला.

गावानं त्याला सोडलं नाही. नदीवर रंगाचे हात धुताना कोणी विचारी, मिस्तरी, हे इमान तुमले लंकामा ली जाई का. ते तो ऐकून घेई. पण एकदा मागून कोणीतरी म्हणालं, "बाप सरकारनं इमान रंगाडस, पोऱ्या सरकारनी तार कापस." उखा घरी येऊन उपाशी निजला.

सगळ्या खुणा बसल्या. उरलं होतं ते वरचं रोगण. ते सकाळी देऊन, संध्याकाळी टोपल्यांत भरून, दुसऱ्या दिवशी गाडी जोडायची होती. पहाटे तो बाहेर आला तर धनुबाई विमानांपुढे बसलेली. हातात करंडा. त्या घरातून कोणतीही नवी वस्तू, गाडी असो, पाळणा असो, पाट असो, तिनं कुंकू लावल्याशिवाय बाहेर गेली नव्हती. प्रत्येक खुणेच्या पांढऱ्या मध्यावर तिनं तेलात कालवलेलं कुंकू रेखलं होतं. चांगलं गोल, ठसठशीत. इतकी वर्षं नवऱ्याचा हात बघून तिचा हातही बसला होता.

उखानं सांगितलं, लाल नको म्हणून हुकूम आहे. ती वळली नाही.

"पोऱ्या तुरुंगमा मझार शे," ती म्हणाली. "बिगर कुंकूनं, मोकया कपायनं काही या घरमाईन मी जाऊ देवाव नही."

त्यानं फडकं उचललं. एका पंखाजवळ नेलं. रंग पुसायचा तर त्यानं क्षणात पुसला असता. पण ते कुंकू होतं, तिनं पोराच्या नावानं लावलेलं, आणि ती समोर बसलेली होती. कुंकू केव्हा पुसतात, हे त्या घरात कोणाला सांगावं लागत नव्हतं. फडकं त्यानं खाली ठेवलं. रोगणाचा ब्रश फिरवला असता तर कुंकू फाकलं असतं, म्हणून रोगणही दिलं नाही. एवढ्याशा ठिपक्याकडे कोण बघतंय, असं त्यानं मनाला समजावलं. टोपल्यांत कापूस घालून विमानं भरली.

नंदुरबारच्या मांडवात साहेबानं पहिलं विमान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि त्याचा चेहरा उतरला. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. इंद्रसिंग पाटील सोबत होते, ते एक पाऊल मागं सरले. ज्याचा मुलगा तारा कापून आत बसलाय, त्यानं सरकारच्या खुणेत जपानचा गोळा घातलाय, एवढंच त्या मांडवात कोणालाही दिसलं असतं.

"कुंकू शे साहेब," उखा म्हणाला. "घरनी बाईनी लावं."

साहेब हलक्या आवाजात बोलला. "मला कळतंय, मिस्तरी. माझ्याही घरी लावतात. उद्या जो गोरा साहेब बघायला येणार आहे, त्याला कळणार नाही. पुसा."

उखानं विनवलं. नमुने परत नेतो, घासून नवीन खुणा करतो, दोन दिवस द्या. साहेबाकडे दोन दिवस नव्हते. पुसायचं नसेल तर टोपल्या उचला, तो म्हणाला. मग मुलाचं नाव माझ्यापुढे काढू नका.

कोणीतरी फडकं दिलं. उखानं आधी कोरडंच फिरवलं. कुंकू निघालं, पण पांढऱ्यावर तांबूस डाग राहिला. साहेबानं बादलीकडे बोट केलं. रोगण न दिलेल्या खुणेचं पाण्यानं काय होणार हे त्या मांडवात एकट्या उखाला ठाऊक होतं. ते सांगितलं तर टोपल्या उचलायच्या, न सांगितलं तर कदाचित, जपून, अगदी हलक्या हातानं, जमूनही जाईल. त्यानं फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि पुसलं. पहिल्या पंखावरची खूण क्षणभर धरून राहिली, मग कडेनं सुरकुतली आणि फडक्याला चिकटून आली. काळा पंख कोरा राहिला. तरी तो थांबला नाही. एकेक विमान घेत गेला, अजून हलक्या हातानं, आणि प्रत्येक वेळी तेच झालं. शेवटी साहेबानंच त्याच्या हातून फडकं काढून घेतलं.

कोरी विमानं प्रदर्शनाच्या कामाची नव्हती. शब्द कोणी टाकला नाही. घरी आल्यावर उखानं बायकोला एवढंच सांगितलं, की काम पसंत पडलं नाही.

सुकलाल वैशाखात गेला. सांगावा आला तेव्हा दहनही तिकडंच झालेलं होतं. आलेली माणसं पांगल्यावर धनुबाई नवऱ्याजवळ येऊन बसली. रडून तिचा आवाज बसला होता.

"तुम्ही तठे ते पुसी टाकं का?"

"नही," उखा म्हणाला.

त्याचा शब्द तिनं कधी खोटा मानला नव्हता.

"मंग लावतानाच मन्हं काही चुकनं व्हई."

तिच्या जिवाला आणखी घोर नको, म्हणून तो खोटं बोलला होता. आता ते तिच्याच माथी बसलं. खरं सांगावं तर पोराच्या नावाचं कुंकू बापानं पुसलं, हे तिला कळणार; न सांगावं तर ती स्वतःलाच खात राहणार.

पुढं दर सोमवारी ती नदीकाठच्या केदारेश्वराच्या देवळात जाऊ लागली. कशाची माफी मागते, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. उखा तिला पायऱ्यांपर्यंत सोडी आणि खाली नदीकडे तोंड करून थांबे. आज सांगायचंच, असं ठरवून तो घरून निघे. ती वरून येई, त्याच्या हातावर खडीसाखर ठेवी, ऊन लागलं का म्हणून विचारी. तो म्हणे, नही. आणि दोघं घराकडे वळत.