मामाच्या हातातलं बटण

मंगल कार्यालयांचे, शाळांचे पडदे, कॅमेरे आणि माईक एकाच यंत्राला जोडून द्यायचा माझा धंदा होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. भाचीचं लग्न लोधीपुऱ्यात होतं आणि तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात. आमच्या गावातल्या, निंबोल्यातल्या निम्म्या लग्नांत शेवटचं मंगलाष्टक दाजींनीच म्हटलेलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते दुसऱ्या कुणाला म्हणू देणं शक्यच नव्हतं. मोबाईलवरून म्हणा, एवढी परवानगी डॉक्टरांनी कशीबशी दिली.

"देख, मधीच दम लागला तं लाईन कापू नको," दाजी मला म्हणाले.

मी यंत्रापाशी बसलो असतो तर काही प्रश्नच नव्हता. पण मंगलाष्टकं चालू असताना मामा मुलीच्या पाठीशी उभा लागतो, आणि बहिणीने बजावलं होतं, "तुले तिथून हलायचं नाही." म्हणून मी मॅक्रो लिहिला, म्हणजे एका बटणामागे हुकमांची रांग. हातातल्या टॅबवरचं बटण दाबलं की गुरुजींचा माईक बंद, दवाखान्याचा आवाज चालू, मोठ्या पडद्यावर दाजी. मग टॅबनेच थोडं थांबून यंत्राला पुढचा हुकूम धाडायचा: दाजींचा आवाज बंद, सनई चालू. सनई वाजली की अंतरपाट खाली, हे गुरुजींना सांगून ठेवलेलं. किती थांबायचं ते सकाळी दाजींकडून एकदा म्हणवून घेऊन ठरवलं, वर थोडा वेळ जास्तीचा धरला.

मी बटण दाबलं. दाजी पडद्यावर आले आणि भाचीने मान वर केली. पहिल्या ओळी त्यांनी खणखणीत म्हटल्या, मग श्वास अडकला. खोकल्याची उबळ काही थांबेना. नर्सने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी टॅबवर बोट आपटत होतो, पण एकदा सुटलेला मॅक्रो संपेपर्यंत तो टॅब दुसरं काही ऐकत नसे. उरलेल्या वेळेची हिरवी पट्टी निवांत सरकत होती. मला तिचा भयंकर राग आला. दाजींच्या तोंडचं मंगलाष्टक माझाच हुकूम काढून घेणार होता.

भाचीच्या खांद्यावरचा हात काढला आणि मी धावलो. मागून बहिणीने हाक मारली. यंत्र हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये खुर्च्या, पाहुण्यांचे पाय, कुणाची तरी पर्स. टॅबचे हुकूम वायफायच्या डबीत येत, तिथून यंत्राकडे जाणारी तार मी उपटली. तार निघाली की पुढचा हुकूम पोचत नाही आणि यंत्र आहे तसंच चालू राहतं, एवढाच भरवसा होता.

सनई वाजली नाही. पडद्यावर दाजी तसेच होते.

ते पाणी प्याले, अडलेली ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली आणि थेट "सावधान"पर्यंत गेले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, अंतरपाट खाली आला. मुठीत घामेजलेल्या अक्षता मी तिथूनच टाकल्या. त्या समोरच्या दोन रांगांपलीकडे काही गेल्या नाहीत.

दाजींना मोबाईलवर बोहला दिसत होता. त्यांचा माईक चालूच होता, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू आलं, "मामा कुठी गेला रे?"

बहीण पाठवणी होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आल्बममधल्या अंतरपाट खाली येतानाच्या फोटोत भाचीच्या मागची जागा रिकामी आहे, आणि बहिणीला तो अजून बघवत नाही. दाजींनी घरी आल्यावर तोच मोठा करून घेतला आणि पलंगासमोर लावला.