म्हशीनं निवडलेली गाडी

आमच्या घरातली मोटारसायकल मी निवडली नाही आणि माझ्या वडिलांनीही नाही. ती म्हशीनं निवडली. निदान पेठेत आम्ही असंच सांगत होतो.

नव्या शतकाची पहिली चार-पाच वर्षं होती. मला शिरोलीच्या एका फौंड्रीत कायम नोकरी लागली होती. आबा, म्हणजे माझे वडील, पेठेत दूध घालायचे. घराच्या मागं गोठा आणि गोठ्यात चार म्हशी. घरची जुनी टू-स्ट्रोक गाडी वीस वर्षं दुधाच्या किटल्या वाहून थकली आणि एका सकाळी रंकाळ्याच्या कडेला तिनं कायमचा दम टाकला. मिस्त्री म्हणाला, हिला आता भंगारवालाच शांती देईल. आबा दोन दिवस जेवले नाहीत. दुधाची पंचाईत झाली म्हणून नव्हे, दूध सायकलवरूनही गेलं असतं. पंचाईत पाडव्याची होती.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. म्हशीला भादरायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि मालकानं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून पुढं सुटायचं. त्या आवाजामागं म्हैस शेपटी वर करून पळत येते. दोरी नाही, काठी नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी असतात आणि कुणाची म्हैस किती इमानी, हे सगळं गाव बघतं. आमची थोरली म्हैस नऊ वर्षं त्या टू-स्ट्रोकमागं पळत होती. काही लोक चोरून म्हशीला पेंडीचा वास दाखवत पळवायचे. आबा त्यांच्या तोंडावर म्हणायचे, “पेंड दावूनच पळवायची तर म्हस कशाला पायजे? कोंबडी पळवा की!” असं बोलल्यामुळं आबांना मित्र बेताचेच होते.

मी मात्र गाडी मेली म्हणून मनातून खूश होतो. मी आधीच दोन गाड्यांवर नजर ठेवून होतो. एक लाल, दीडशे सीसीची. दुसरी काळी, एकशेऐंशीची. आजच्या पोरांना हे आकडे ऐकून हसू येईल, पण तेव्हा शंभर सीसीवर तिघं बसून जोतिबाला जाणाऱ्या गावात या दोघी म्हणजे मधल्या वजनगटातल्या पैलवान होत्या. अंगावर प्लास्टिकचा झगा नाही. इंजिन, पाइप, सगळं उघडं. अशा गाडीला नेकेड म्हणतात, असं एका मित्रानं मासिकात वाचलं होतं. मी ते उत्साहानं आबांना सांगितलं.

“उघडी हाय?” आबा म्हणाले. “मग दारात कशाला आणतोस? घरात बायकामाणसं हायत.”

लाल गाडी समंजस होती. पेट्रोल कमी प्यायची, सीट लांब, किटल्या अडकवायला दोन्ही बाजूंना जागा. शोरूममधला टाय लावलेला माणूस तिच्याबद्दल सासऱ्यानं गुणी सुनेबद्दल बोलावं तसा बोलायचा. काळी तशी नव्हती. ती तापायची, प्यायची आणि किटली अडकवायला गेलं की पाइपला लागायची. तरी मला काळीच हवी होती. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दिवसभर मी फौंड्रीत वाळूनं माखायचो. त्या काळीची रुंद टाकी मांड्यांत धरली की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. एवढंच. एवढ्यासाठी माणसं निवडणुका लढवतात, मी तर फक्त गाडी मागत होतो.

आबांनी एका वाक्यात निकाल लावला. “म्हस जिच्या मागं पळंल ती गाडी.”

शोरूमवाल्याला हे आधी कळेना, कळल्यावर पटेना. पण आबा काउंटरसमोरच्या खुर्चीत बसून राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला “पावणं, तुमची म्हस काय म्हणती?” असं विचारू लागले. अर्ध्या तासात दोन्ही गाड्या चाचणीला मिळाल्या. रविवारी सकाळी कळंब्याच्या माळावर आबा, मी, म्हैस आणि तो टायवाला असे चौघं जमलो. चौघांत म्हैसच तेवढी निवांत दिसत होती.

आधी लाल. आबा बसले, हाळी दिली, गाडी सोडली. म्हशीनं कान हलवले. तीसेक पावलं ती दुडकत मागं गेली, मग थांबली आणि डबक्याकडं वळली. वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर नवख्या आवाजामागं तीस पावलं म्हणजे चांगलंच होतं. आबांच्या तोंडावर आशा दिसली.

काळी माझ्या ताब्यात होती. आबा डबक्यातून म्हशीला बाहेर काढत होते, टायवाला आपले बूट पुसत होता. मी खिशातली पुडी काढली आणि गाडीच्या बाजूच्या झाकणामागं, जिथं पाने-पकड ठेवतात तिथं, सारली. पुडीत भिजवलेली शेंगदाण्याची पेंड होती. आमच्याकडं म्हैस व्यायली तरच तिला ही पेंड मिळायची. उघड्या गाडीवर लपवायला तेवढीच एक जागा असते.

आबा काळीवर बसले. म्हशीनं नाक वर केलं आणि ती जी सुटली ती मागच्या दिव्याला तोंड लावूनच. माळाच्या टोकापर्यंत गेली, वळून परत आली. टायवाला टाळ्या वाजवत होता. आबा गाडीवरून उतरले. त्यांनी म्हशीच्या तोंडावरून हात फिरवला, तोच हात नाकाशी नेला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, “काळी.”

मंगळवारी काळी दारात आली. आईनं ओवाळलं. आबा येईल त्याला सांगत सुटले, म्हशीनं निवडली म्हणून. मी रोज तिच्यावरून फौंड्रीला जायचो आणि शिरोलीच्या फाट्यावर वळताना लोक बघतात असं मला वाटायचं. कुणी बघत नव्हतं. पण आनंद खरा होता, आणि त्यात खडा एकच होता, पाडवा. नऊ वर्षं पळालेली म्हैस दहाव्या पाडव्याला भर रस्त्यात ढिम्म उभी राहिली तर ते माझ्यामुळं होणार होतं. सरावाचा विषय निघेल म्हणून मी ओव्हरटाइमची कारणं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. आबांनी सरावाचं नावच काढलं नाही. मला वाटलं, केवढा हा म्हशीवर विश्वास!

पाडव्याला सकाळी मी पुन्हा पुडी सारली. दुसरं करणार काय? कबूल करायची हिंमत नव्हती आणि आबांचं हसं झालेलं बघायचीही नव्हती.

आबा तयार होऊन आले. डोक्याला फेटा आणि अंगात त्यांच्या लग्नातला कोट. ऊन चटचटत होतं.

“आबा, कोट कशाला एवढ्या उकाड्यात?”

“मान नको व्हय पाडव्याचा?” ते म्हणाले आणि कोटाची बटणं लावून गाडीवर बसले.

त्या दिवशी आमची म्हैस जशी पळाली तशी ती आयुष्यात पळाली नव्हती. एकदा तर ती गाडीच्या पुढं जाऊन वळून आबांकडं बघायला लागली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, गुलाल उधळला. आबा मात्र हसत नव्हते. घामानं निथळत, मान खाली घालून ते गाडी चालवत होते. मला वाटलं, कोटाचा त्रास.

संध्याकाळी मी गोठ्यात गेलो. आबांनी कोट काढून खुंटीला लावला होता आणि थोरल्या म्हशीनं मान लांब करून तो खाली ओढला होता. ती एकचित्तानं कोटाचा आतला खिसा खात होती. मी कोट सोडवला. फाटक्या खिशातून माझ्या हातावर ओली पेंड सांडली. शेंगदाण्याची.

मागं आबा उभे होते.

“तुमाला माळावरच कळलं हुतं?” मी विचारलं.

“तीस वर्सं म्हशीत गेली माझी. पेंडीचा वास कळत न्हाय व्हय मला?”

“मग काळी घेतली कशाला?”

“शिरोलीला रोज कोण जाणार हाय? म्हस जाणार हाय व्हय?” आबा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली पेंड घेतली आणि म्हशीपुढं टाकली. “तू एवढं चोरीवर आलास म्हंजे तुला ती लईच पायजे हुती.”

मला रडू आलं आणि म्हशीच्या आडोशानं मी ते उरकून घेतलं.

पुढच्या पाडव्याला आबांनी म्हैस बाहेर काढली नाही. विचारेल त्याला म्हणाले, तिचा पाय दुखतोय. पाय ठणठणीत होता. ज्यांना आयुष्यभर कोंबड्या पळवा म्हणून सांगितलं, त्यांच्यासमोर जायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं. त्या दिवशी मी काळीवर बसलो आणि पहिल्यांदाच मला ती नकोशी झाली. गाडी परत देता येत नाही आणि खाल्लेला खिसाही परत येत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे धारेच्या वेळी गोठ्याच्या दारात गाडी चालू करून उभा राहू लागलो. पेंड नाही, काही नाही. नुसता आवाज. मग म्हशीला मागं घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, मग रंकाळ्यापर्यंत. शेजाऱ्यांनी शिव्या दिल्या, आईनं मला मांत्रिकाकडं न्यायचं ठरवलं. आबा धार काढता काढता बघत राहायचे. असं वर्षभर चाललं.

मग पाडवा आला. मी न विचारता म्हशीची शिंगं रंगवली. आबा आले, कोट नव्हता, नुसता सदरा. आम्ही रस्त्यावर पोचलो. गर्दीत सगळी ओळखीची तोंडं होती. आबांनी सगळ्यांसमोर सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढले आणि तसेच लोंबकळत ठेवले. मग माझ्याजवळ आले, माझ्या पँटचेही खिसे ओढले. शेवटी गाडीचं बाजूचं झाकण उघडून आत हात फिरवून बघितला.

“न्हाय, बगून घेतल्यालं बरं,” ते म्हणाले आणि गाडीवर बसले.

म्हैस पळाली. आता ती म्हातारी झाली होती, मागच्या दिव्यापासून चांगली दहा हात लांब राहिली आणि मध्ये एकदा थांबून तिनं शेणही टाकलं. पण शेवटपर्यंत पळाली. पुढं आबा हसत होते आणि त्यांचे रिकामे खिसे वाऱ्यावर फडफडत होते.