आधी उतार सांगा

ज्याच्या संकल्पाने सूर्यचंद्र आपापल्या मार्गावरून न अडखळता फिरतात त्या जगदीश्वराला, आणि हातात हत्यार धरणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी उभ्या असणाऱ्या विश्वकर्म्याला वंदन करून हे लिहायला बसलो आहे. निमित्त आजच्या खंडेनवमीचे. अनेक वर्षे या दिवशी मी धारवाडहून हुबळीला, गोकुळ रोडवरच्या एका सायकलदुरुस्तीच्या दुकानात आयुधपूजेसाठी जात असे. यंदा ते दुकान उघडणार नाही. तेव्हा तिथे जे पाहिले ते तरी आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

त्या दुकानाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या हाती चाक दिले की ते आस दोन्ही हातांच्या बोटांत धरीत, अंगठ्याने हलकेच गती देत आणि डोळे मिटून घेत. चाक फिरून फिरून थांबेपर्यंत कुणी बोलायचे नाही. मग डोळे उघडून ते विचारीत, "उतार कुठला?"

नवखा माणूस गोंधळून जाई. तो किती वेगाने जातो, यल्लापूरच्या वाटेवरचे चढ किती वेळात चढतो, हे सांगू लागे. अण्णा मान हलवीत. "चढ तुमचे पाय बघतील वो. मला उतार सांगा. चाक उतारावर लागतंय."

ते अळणावरजवळच्या एका खेड्यातले. घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि सायकलशी बोलताना दोन्ही. मी हुबळीच्या शाळेत संस्कृत शिकवीत असताना माझी जुनी काळी सायकल त्यांच्याकडेच असे. पुढे दूधवाल्यांच्या नि कामगारांच्या सायकली कमी झाल्या आणि शर्यतीच्या, लाखांच्या गोष्टी करणाऱ्या सायकली लेथच्या कारखान्यांच्या मधोमध असलेल्या त्या अरुंद गाळ्यात येऊ लागल्या. अण्णांनी त्यांच्यासाठी फरशीवर एक जुनी गोधडी अंथरली. बाकी काही बदलले नाही. हात साबणाने दोनदा धुतल्याखेरीज ते त्यांच्या कार्बनच्या हलक्या सांगाड्याला शिवत नसत.

एक वकीलसाहेब फार खोल रिमची चाके घेऊन आले होते. खोल म्हणजे टायरपासून केंद्राच्या दिशेने चांगली चार बोटे रुंद असलेली काळी रिम. वारा कापायला उत्तम, पण वारा बाजूने आला तर शिडासारखी. अण्णांनी ती बसवून दिली आणि म्हणाले, "साहेब, झाडाचं पान हलत नाही असा दिवस बघून बाहेर पडा."

"आणि पान हलत असेल तर?"

"तर कोर्टात जावा."

वकीलसाहेब मनापासून हसले. पंधरा दिवसांनी तीच चाके विकायला घेऊन आले.

माझी नात गार्गी सायकलच्या शर्यतींत उतरू लागली तेव्हा हे सारे माझ्याच घरी आले. मुलीची ही एकुलती एक लेक शिक्षणासाठी माझ्याकडे राहते. तिच्या वर्गातल्या मुलांना वडील सहज चाके घेऊन देत. तिने मात्र शिकवण्या करून पैसे साठवले होते आणि परवडतील अशी कार्बनची चाके इंटरनेटवर शोधून ठेवली होती. साठ मिलिमीटर खोल, वजनाला अगदी हलकी, किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी. माझ्या आग्रहावरून ती ते चित्र घेऊन अण्णांकडे आली.

अण्णांनी मोबाईल लांब धरून पाहिला. "कंपनी कुठली अक्का?"

"नाव नाही अण्णा. पण सगळे हीच घेतायत."

"बिघडली तर कुणाला विचारणार? सगळ्यांना?"

"हलकी आहेत ना पण."

"दोनशे ग्रॅमसाठी? सकाळी एक इडली कमी खा."

गार्गीने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

"उतार कुठला?" अण्णांनी विचारले.

"दसऱ्याला अरबैल घाट. आमचा सगळा गट उतरणार आहे."

यल्लापूरच्या पुढचा तो घाट तुमच्यापैकी अनेकांनी बसमधून, खिडकीचा गज घट्ट धरून पाहिला असेल. अण्णा उठले, एका टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा काढला, त्यातून साठ मिलिमीटर रुंदीची कडी कापली आणि गार्गीच्या साध्या पुढच्या चाकावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने लावून दिली. "उद्या सकाळी केलगेरीच्या तळ्याकडं जावा. बांधावरनं वारा आडवा येतोय. हळू चालवा, मग मला सांगा."

मीही गेलो होतो. तळ्यावरून वाऱ्याचा झोत आला आणि पुढचे चाक कुणी हाताने ओढावे तसे रस्त्याच्या मध्याकडे वळले. गार्गीने सायकल सावरली, उतरली आणि पुठ्ठा तिथेच फाडून टाकला. पुठ्ठ्याच्या दोन कड्यांनी जे पटवून दिले ते मी चार दिवस उपदेश करून पटले नसते.

मग निवड सोपी झाली. मागचे चाक पन्नास मिलिमीटर, कारण मागच्याला वारा तितका फिरवीत नाही; पुढचे पस्तीस. वजनापेक्षा पाठीशी उभा राहणारा कारखाना महत्त्वाचा. स्पोक असे हवेत की एखादा तुटला तर हुबळीत मिळाला पाहिजे, आणि आवळायला टायर काढावा लागू नये. ब्रेक रिमला धरणारा नको, मधल्या पोलादी चकतीला धरणारा हवा. लांब उतारावर कार्बनची रिम तापून खराब होते. तिच्या सायकलला तसाच ब्रेक होता. अशी जोडी मिळाली, तिच्या आवाक्यात बसली, आणि कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानाने मागवूनही दिली.

चाके आली त्या दिवशी अण्णांनी कनवटीचे एक नाणे काढले आणि रिमवर बोटभर अंतराने टक् टक् करीत पूर्ण फेरी मारली. मागच्या चाकावर एके ठिकाणी नाद बसका आला. पुन्हा वाजवले. पुन्हा बसका.

"आतले थर नीट चिकटलेले नाहीत इथं. हे परत."

"अण्णा, दसरा तीन आठवड्यांवर आलाय," गार्गी रडवेली झाली.

"बेड अक्का. हे चाक नको." एवढे बोलून त्यांनी ते खोक्यात ठेवले. बदली चाक खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आले. त्याचा नाद सगळीकडे सारखा होता.

आता माझी कथा. ती लपवण्याची माझी इच्छा नाही.

खंडेनवमीला सकाळी मी घरातल्या आयुधांची पूजा मांडली. विळी, अडकित्ता, लेखणी, आणि त्या वर्षी गार्गीची सायकल. झेंडू वाहिला, धूप दाखवला. काळ्या कार्बनवर कुंकू काही केल्या उठून दिसेना. मधली पोलादी चकती मात्र आरशासारखी लखलखत होती. मला ती चाकाचे ललाटच वाटली. कुंकू गळून पडू नये म्हणून समईतल्या तेलात कालवले आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चकत्यांवर भक्तिभावाने बोटे ओढली. मग नैवेद्याचा डबा घेऊन हुबळीची बस धरली.

अण्णांच्या दुकानात लाल वस्त्रावर पाने, पक्कड, स्पोक आवळायच्या किल्ल्या, सगळे हळदीकुंकवाने सजून बसले होते. अण्णा पांढऱ्या स्वच्छ धोतरात होते. मी प्रसाद दिला आणि मोठ्या समाधानाने माझ्या पूजेचे वर्णन केले. अण्णांचा प्रसादाचा हात तोंडापाशी थांबला.

"चकतीवर, गुरुजी?"

"हो. तिथेच शोभले."

"कशात कालवून?"

"तेलात."

त्यांनी प्रसाद केळीच्या पानावर ठेवला. "ब्रेक तिथंच धरतोय वो. तेल लागलं की धरत नाही. अक्का कुठं हाय?"

वाहन पूजेनंतर थोडे फिरवायची रीत, म्हणून ती केलगेरीकडे एक फेरी मारायला जाणार होती. अण्णांनी फोन लावला. पहिला उचलला गेला नाही. दुसराही नाही. तिसऱ्या वेळी गार्गीचा आवाज आला. "अण्णा, ब्रेक नुसता ओरडतोय, धरत नाहीये. गल्लीच्या तोंडाशीच कळलं. सायकल ढकलत घरी आणलीय."

"शहाणी माझी अक्का. आता तिला हात लावू नका. आम्ही येतोय."

फोन खाली ठेवून ते माझ्यापुढे उभे राहिले. ब्रेकचे नवे पॅड दुकानात होते. हत्यारे मात्र पूजेत होती, आणि त्या दिवशी पूजेतले हत्यार कुणी उचलीत नाही. त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत विश्रांती. अण्णांनी आयुष्यात हा नेम मोडला नव्हता. गार्गीचा गट तर दुसऱ्या दिवशी पहाटेच निघणार होता.

"गुरुजी, तुम्ही शास्त्र शिकलेले. सांगा, उचलू का?"

जन्मभर ग्रंथ उलगडून इतरांना उत्तरे दिली. त्या क्षणी उत्तर माझ्याच अपराधावर द्यायचे होते. मी म्हणालो, "आयुधाची पूजा रक्षणासाठी असते. रक्षणाचे काम समोर आले असता ते बसून राहिले, तर पूजा कुणाची केली? मी विसर्जन करतो." मी आचमन केले, त्या हत्यारांवर अक्षता टाकून त्यांना जागचे हलवले. अण्णांनी प्रत्येक हत्यार कपाळाला लावून पिशवीत ठेवले.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी धारवाडला आलो. अंगणात त्यांनी स्पिरिटने चकत्या तीनतीनदा पुसल्या, जुने पॅड काढून टाकले, नवे घातले. मग धोतराचा काचा मारून गार्गीच्या सायकलवर बसले आणि आमच्या गल्लीच्या उतारावर वर-खाली वर-खाली करीत ब्रेक आवळत राहिले. शेजारच्या वहिनी ओट्यावर येऊन म्हणाल्या, "काय अण्णा, शर्यतीला तुम्ही चाललात वाटतं."

"नाव घातलंय. नंबर बघू," अण्णा धापा टाकीत म्हणाले.

वीसेक फेऱ्यांनंतर ब्रेक निमूटपणे धरू लागला. गार्गीने विचारले, "झालं काय होतं अण्णा?" मी तोंड उघडले, पण अण्णा आधी बोलले. "तेल लागलं होतं. सण हाय, घरात तेल असतंयच." असत्य त्यात एक अक्षर नव्हते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या ती खाली उतरल्यावर सांगा. आज सांगितलं तर घाटात तिच्या डोक्यात ब्रेकच राहील."

तसेच केले. पुढे मी कबुली दिली तेव्हा ती म्हणाली, "अज्जा, पुढच्या वर्षी कुंकू हँडलला लावा." आणि मला गच्च मिठी मारली.

या उन्हाळ्यात अण्णांनी दुकान बंद केले. बारीक स्पोक दिसेनासे झाले म्हणून. आता ते गावी मुलाच्या शेतावर असतात आणि सुखात आहेत असे कळते. आज गोकुळ रोडवर त्या गाळ्याचे दार ओढलेले आहे. कुठलेही चाक पाहिले की उतार विचारणारा माणूस आता तिथे नाही, याची सवय मला अजून व्हायची आहे.

पण मनात राहिला आहे तो त्या दसऱ्याचा दिवस. दुपारचा एक वाजत आला होता. मी जपमाळ हातात घेऊन फोनसमोर बसलो होतो आणि जप होत नव्हता. फोन वाजला. मागून वाऱ्याचा आवाज आणि मुलामुलींचा गलका. "अज्जा, उतरले. सगळे उतरलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

मी लगेच अण्णांना कळवले. पहिली घंटा पुरी होण्याआधीच त्यांनी फोन उचलला होता. मी म्हणालो, "उतरली."

ते म्हणाले, "बरं झालं, गुरुजी." फोन बंद करायचे त्यांच्या ध्यानात राहिले नसावे, कारण नंतर त्यांचा आवाज मला ऐकू आला. घरात कुणाला तरी ते सांगत होते, "आता वाढ. जेवतो."

वाचकहो, आपल्या घरातून जो कुणी आज घाट उतरत असेल तो खाली सुखरूप पोहोचो, त्याची वाट पाहणाऱ्यांचे ताट वेळेवर वाढले जावो, आणि आपल्या कुटुंबावर विश्वनियंत्याची छाया अखंड राहो.